वाघमारे मॅडमचा ब

चाकणच्या आमच्या कंपनीत वाघमारे मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा मी गेटवरच उभा होतो. बिहारहून आलेल्या वॉचमनने आत फोन लावला, "बाघमारे मॅडम आई हैं." मी त्याला टोकणार, तेवढ्यात मॅडमच पुढे झाल्या. "भैया, एक बार फिर बोलिए." तो बिचारा घाबरला. त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेऊन त्या माझ्याकडे वळल्या, तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला होता.

"ऐकलंत? आपला वाघ, त्यांचा बाघ. आपले वीस, त्यांचे बीस. आपण व ओठांवरून नुसता सोडून देतो. ते ओठ मिटून त्याला जोर देतात."

"म्हणजे चुकतातच ना?"

"चुकत नाहीत हो. आपला व तिकडे जाऊन तालीम करतो."

मी तिथे सेफ्टी ट्रेनर, आणि मॅडम बाहेरच्या राज्यांतल्या कामगारांना कामापुरतं मराठी शिकवायला आलेल्या. आता त्या नागपूरला शिकवतात. पण कुणी 'चुकीचं' बोलला म्हणून हसू आलं, की मला अजून त्यांचं ते "चुकत नाहीत हो" ऐकू येतं. मी रावेतच्या जुन्या शेतकरी घरातला. घरी 'व्हय', 'न्हाई' बोलायचो आणि कंपनीत ते दाबून ठेवायचो. मॅडमनी आठवड्याच्या आत विचारलं, "शिंदे, घरी विहिरीला काय म्हणता?" मी लाजत म्हणालो, "हीर." त्यांनी टेबलावर हातच मारला. "बघा, वॉचमनकडे व ताठ झाला, तुमच्याकडे गळून गेला. आणि तुम्ही हे लपवून ठेवता?"

मॅडम काळेवाडीत वाढल्या. वडील कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कामाला, घरी रोज बुद्धवंदना. शाळेच्या पुस्तकात 'धर्म' आणि आपल्याकडे 'धम्म' का, असं त्यांनी लहानपणी विचारलं, तर वडील म्हणाले, "मला न्हाई ठाऊक. तू शीक आन् मला सांग." मॅडम खरोखरच पाली शिकल्या आणि सेकंड शिफ्टहून आलेल्या वडिलांना त्यांनी दारातच गाठलं. "बाबा, र निघून गेला आणि त्याच्या जागी म दुप्पट जोराने उभा राहिला." वडिलांनी म्हणे चपला न काढताच दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले.

प्रेसच्या धडधडीत त्या वडिलांचे कान गेले होते, आणि आता ते गावी राहायचे. फोनवर त्यांना ठसठशीत अक्षरंच कळायची. म्हणून मॅडम जेवणाच्या सुट्टीत फोन लावायच्या तेव्हा पहिलं "बाबा" असं खणखणीत म्हणायच्या, की अख्खं कॅन्टीन वळून बघायचं.

एकदा सुपरवायझर जाधव रामप्रीत यादव नावाच्या पोराची नक्कल करत होते. तो 'विकास'ला 'बिकास' म्हणायचा. मॅडम सरळ मध्ये गेल्या. "जाधवराव, तुमच्या आडनावात आधी कोणतं अक्षर होतं? य. यादवाचा जाधव कुणी केला? आपणच. यात्रेची जत्राही आपणच केली. त्याने व ताठ केला, आपण य."

जाधवांनी नक्कल थांबवली. "म्हंजे आमी दोघं एकच का काय?"

"आडनावापुरते तरी."

"मग चल भावा, चहा घेऊ," जाधव म्हणाले, आणि रामप्रीतला खरंच घेऊन गेले.

मग एका सोमवारी मॅडम आल्या त्या तोंडावर ओढणी धरून. चेहऱ्याचा लकवा. ओठाचा डावा कोपरा लोंबत होता, डोळा मिटत नव्हता. बहुतेक लोक बरे होतात, पण सगळे होतीलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. त्याच बोलल्या, "शिंदे, दीप म्हणून बघते, तर दीव येतं. त्याचा दिवा व्हायला लोकांना शेकडो वर्षं लागली. माझ्या तोंडात एका रात्रीत झालं." बोलताना ओठांतून हवा निसटत होती, आणि चांगला डोळा चमकत होता. पण दुपारी त्यांनी फोन लावला तेव्हा तोंडून निघालं, "वावा." पलीकडून वडील ओरडले, "तुझा फोन बिघडलाय. नुसतं वारं येतंय." मॅडमनी फोन ठेवला आणि डबा न उघडताच उठल्या. वडिलांना त्यांनी काहीच सांगितलं नाही. रोज फोन लावायच्या, रोज तेच ऐकायच्या.

वर्ग मात्र त्यांनी सोडला नाही. ओठाचा कोपरा बोटाने उचलून धरायच्या आणि शिकवायच्या. बोट निसटलं की "मशीन वंद" व्हायचं, आणि सगळा वर्ग आदराने म्हणायचा, "मशीन वंद." मॅडम हसत सुटायच्या. "अरे, तुम्ही तरी तुमचा ब सोडू नका."

बरेच आठवडे गेले. एके दुपारी मी वर्गाच्या दारात उभा होतो. मॅडम फळ्याकडे वळून, दोन्ही हात खडू-डस्टरमध्ये गुंतलेले असताना म्हणाल्या, "मशीन बंद." वर्गातल्या सगळ्या माना वर झाल्या. रामप्रीत हळूच म्हणाला, "मॅडम, आ गया." त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. ओठ मिटत होते. हातातला खडू माझ्याकडे देऊन त्या जवळजवळ पळतच व्हरांड्यात गेल्या आणि त्यांनी फोन लावला.

"बाबा."

पलीकडचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. "हां, आज लख्ख आलं. दुरुस्त केलास व्हय फोन?"

"हो बाबा," मॅडम म्हणाल्या. आणि सांगायला दुसरं काही नसताना पुन्हा म्हणाल्या, "बाबा."