तात्यांना न लागलेले माझे ठोसे

सुभेदार रंगराव जाधव, म्हणजे आपल्या सर्वांचे तात्या, यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. गौरव समितीच्या मंडळींनी सत्काराला निघणाऱ्या ग्रंथासाठी ‘तात्यांचे एक शिष्य’ म्हणून माझ्याकडे लेख मागितला. मी त्यांचा शिष्य नाही, हे आधीच सांगतो. साताऱ्यात त्यांनी बॉक्सिंगला उभी केलेली पोरं शिष्य. मी त्यांना मारायला निघालेला माणूस. आणि आज हा लेख मी दोन्ही डोळ्यांनी बघून लिहितो आहे, त्यातला डावा डोळा तात्यांमुळे शिल्लक आहे. म्हणून लिहिण्याचा हक्क माझाच आहे.

आमची पहिली ओळख सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका सामन्यात झाली. मी माधवनगरच्या गिरणीत मागावर होतो. अंगात रग होती आणि उजव्या हाताचा फार गर्व होता. तात्या फौजेत नाईक होते आणि सुट्टीवर आले की आमच्या भागातल्या सामन्यांत उतरायचे. बघतो तर काय, समोर एक सडपातळ गृहस्थ, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखे शांत! म्हटलं, याला झोपवायला कितीसा वेळ लागणार?

सामना संपला तेव्हा मी गुणांवर हरलो होतो. पुढच्या सुट्टीत साताऱ्यात पुन्हा हरलो. मार खाऊन हरलेला माणूस निदान सुजलेलं तोंड तरी दाखवू शकतो. मी घरी जाऊन काय दाखवणार, कपाळ? माझा संताप संताप झाला.

बचावानं लढणाऱ्याला हरवणं एवढं अवघड का, असं नवी पोरं मला विचारतात. लोकांना वाटतं, तो पळतो. तात्या कधीच पळाले नाहीत. ते नेहमी तिथेच असायचे, माझ्या ठोशापासून वीतभर लांब. वीतभरच! म्हणून तर दर वेळी वाटायचं, आता बसला. ते माझ्या हाताकडे बघायचेच नाहीत, खांदा आणि पाय बघायचे. ठोसा मारायचं माझ्या मनात यायचं आणि ते त्यांना माझ्या आधी कळायचं. शिवाय लागलेला ठोसा माणसाला हुरूप देतो, हुकलेला सगळी ताकद घेऊन जातो. मी हुकलो की चिडायचो, चिडलो की जोरात मारायचो आणि आणखी हुकायचो. तेवढ्यात त्यांचा डावा हात हळूच येऊन माझ्या नाकाला टेकून जायचा. गुण त्यांना. मला हरवायचं कामसुद्धा ते माझ्याकडूनच करून घ्यायचे.

सुलोचनावहिनी, म्हणजे तात्यांच्या सौभाग्यवती, यावर त्यांच्या ढंगात बोलतात. “भाऊजी, भांडणातबी ह्येंचं तसंच हाय. म्या तासभर बोलायचं, ह्ये निस्ती मान हलवत्यात. श्येवटी म्याच दमती आन् च्या टाकती.” मला वहिनींचं दुःख जितकं कळतं तितकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

आमची तिसरी गाठ आटपाडीकडच्या एका गावात, जत्रेत पडली. कुस्त्यांचं मैदान होतं. हौद्याच्या कडेला, त्याच तांबड्या मातीत चार मेढी रोवून नाडा, म्हणजे जाड दोर, गुंडाळला आणि झालं रिंगण. पंच म्हणून जुने पैलवान. माणसं सगळी कुस्तीतली. कुणाची तरी पाठ मातीला लागल्याशिवाय त्यांना निकाल लागल्यासारखा वाटत नव्हता.

त्या दिवसांत माझ्या डाव्या डोळ्यापुढे काहीतरी काळं यायचं. गिरणीतलं कापसाचं तूस गेलं असेल म्हणून मी डोळा चोळायचो आणि सोडून द्यायचो. दुसऱ्या फेरीत तात्यांचा उजवा हात त्या बाजूनं आला आणि कानाजवळून गेला. मला तो दिसलाच नाही. पापणीसुद्धा लवली नाही. तात्या क्षणभर थबकले. नंतर त्यांनी उजवा हात छातीशी घेतला तो घेतलाच.

तीन फेऱ्या संपल्या. पंच हात वर करणार तोच माणसं उठली. “ही कसली मारामारी? कुनी पडलं न्हाई की झडलं न्हाई!” “निकाली हूं द्या!” पंच मूळचे कुस्तीगीर, त्यांनाही ते पटलं. त्यांनी जाहीर करून टाकलं, एक जण खाली बसेपर्यंत चालू! बॉक्सिंगमध्ये असं कुठं असतं का? पण मैदान त्यांचं होतं. मला तर आनंदच झाला.

आता विचार करा. समोरच्याची डावी बाजू आंधळी आहे हे तात्यांना कळलेलं. उजव्या हाताचा एक ठोसा, की निकाल, फेटा, गुलाल, सगळं त्यांचं. माणसं ओरडतायत, “मार की रं, भितुस काय?” शिव्याही पडत होत्या. तात्यांनी तो हात छातीवरून हलवला नाही. उलट ते सारखे माझ्या उजव्या बाजूला सरकत राहिले, मला दिसतील असे. मी बैलासारखा फुरफुरत मारत सुटलो. वाऱ्याला मारलं, नाड्याला मारलं, एकदा मेढीलाही मारलं. शेवटी हात वर होईनात, पाय मातीत रुतले आणि मी आपोआप मटकन खाली बसलो. निकाली! अख्खी जत्रा हसली.

फेटा बांधायला आलेल्यांना बाजूला सारून तात्या माझ्यापुढे उकिडवे बसले.

“गड्या, डाव्या डोळ्यानं दिसतंय का तुला?”

मी त्यांना जे बोललो ते या ग्रंथात छापता येणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते मला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला पडदा सुटत चाललाय, एक ठोसा बसला असता तर डोळा गेला होता. ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून मला मान हलवायचीही बंदी केली होती. फौजेतला माणूस सुट्टी बायको-पोरांत घालवतो. तात्यांनी ती माझ्या उशाशी घालवली.

माझं बॉक्सिंग सुटलं, माग मात्र चालू राहिला. पुढच्या सुट्टीत तात्या गिरणीच्या फाटकावर आले आणि राम राम करता करता डाव्या बाजूनं एकदम हात फेकला. मी दचकून मागे झालो. मूठ गालाजवळ येऊन थांबली होती. “झ्याक!” तात्या म्हणाले, “आता दिसतंय.” आणि त्यांचेच डोळे भरून आले.

हे सगळं आज सांगायला एक कारण आहे. गेल्या महिन्यात साताऱ्याला तात्यांकडे गेलो होतो. वहिनींनी चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. तात्यांचा हात त्यावर आपटला, चहा सांडला. तात्या म्हणाले, “मांजर आलं वाटतं.” त्यांच्या घरात मांजर नाही. मी विचारलं, “तात्या, डाव्या डोळ्यानं दिसतंय का?” तर म्हणाले, “तुमच्याकडं ऊस कसा काय हाय औंदा?” बघा, आजही वीतभर लांब!

तेव्हा जमलेल्या मंडळींना हात जोडून विनंती आहे. सत्कार संपला की चारी बाजूंनी नाडा धरा, त्यांना सुटू देऊ नका. मिरजेला जायची गाडी मी सांगून ठेवली आहे.

तात्या, तुम्ही शंभरी गाठा, आणि ती दोन्ही डोळ्यांनी बघा. पुढचे सगळे ठोसे खुशाल चुकवा. पण हा माझा आहे. आयुष्यात माझा एक तरी लागू द्या.