भाऊच्या पत्रातली गाळलेली ओळ

आमच्या घरी येणारा कागद मीच वाचून दाखवायची. आयेला अक्षर येत नव्हतं. म्हणून गेल्या महिन्यात मुंबईच्या इस्पितळातून आलेली तारही मीच वाचली. माझा थोरला भाऊ गेला होता... चाळिशीसुद्धा न गाठता.

आम्ही मालवणजवळच्या एका देवळाचे गुरव. भाऊ लहानपणापासून आरतीला शंख फुंकायचा. पुढे मुंबईत काचेच्या कारखान्यात लागला आणि तिथून त्याला वर्षभर शिकायला रशियात पाठवलं. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, त्याच्याच पगारावर. सुट्टीत घरी आले की साठलेली पत्रं वाचून दाखवायची. त्यानं लिहिलं होतं, हे अख्खं गाव काचेवर जगतं. पोरीला सासरी पाठवताना काचेचे पेले देतात. आपल्याकडे नंदादीप राखतात तशी इथे भट्टी राखतात, विझू म्हणून देत नाहीत. पहिल्या दिवशी त्यानं नळी तोंडाला लावली आणि शंखासारखी गाल फुगवून फुंकली. काचेचा गोळा फुगत फुगत फुटला. म्हातारा उस्ताद डोकं धरून बसला. मग खुणेनं म्हणाला, तान्ह्या बाळाच्या डोळ्यांवर फुंकर घालतोस तशी घाल.

"देवळात फुकता तसोच फुकलो आसतलो माझो वेडो झील," आये हसत म्हणाली. "फुडे वाच गो."

पुढे लिहिलं होतं, 'सध्या मला वाळू कालवायच्या खोलीत घातलंय. धूळ फार. इथे काम केलेले म्हातारे सगळे खोकतात. मलाही खोकला लागलाय. डॉक्टर म्हणतात परत जा. पण शिकणं अर्धं टाकलं तर नोकरी जाईल. सुमाचं बी.ए. होऊ दे.'

मी थांबले. मग त्याच्या खालचं वाचलं, 'मी बरा आहे.'

आयेला काळजी नको म्हणून गाळलं, असं मी मनाला सांगितलं. ते खरं नव्हतं. ती त्याला बोलावून घेईल आणि माझं कॉलेज सुटेल, या भीतीनं मी गाळलं.

भाऊ परत आला तेव्हा मी पदवीधर होते. संध्याकाळी तो शंख घेऊन उभा राहिला. आवाज अर्ध्यावर तुटला. "सवय गेली गो सुमा," तो म्हणाला, "थंय हळू फुकूक शिकवल्यानी." सगळे हसले. मला त्याच्याकडे बघवेना. नंतर मी शाळेत शिक्षिका झाले. तो दर मे महिन्यात यायचा, आणि माजघरात त्याचा खोकला ऐकला की मी उठून परसात जायची. "डॉक्टरकडे गेलास?" एवढंसुद्धा मी कधी विचारलं नाही. उत्तर येईल याची भीती वाटायची.

तेराव्यानंतर आयेनं पत्रांचा डबा माझ्यासमोर ठेवला. एकेक वाचता वाचता ते पत्र आलं. त्याच जागी मी थांबले.

"त्या दिसाय तू हयच थांबलंस," ती म्हणाली. "थंय काय लिवल्यान ता वाच."

मी वाचलं.

"म्हंजे तेका म्हायत होता," ती म्हणाली. "आनि तुकाय."

रागावली असती तर बरं झालं असतं... आता रोज दिवेलागणीला ती माझ्याकडून तेच पत्र वाचून घेते. त्या ओळीशी मी अडखळते. ती माझ्याकडे न बघता वाती वळत राहते आणि म्हणते, "वाच गो. माझो झील बोलता हा."