फायनलला आबा बरोबर आले

सोनईच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बाई आल्या, तेव्हा मी चौथीत होते. शाळा दोन खोल्यांची आणि वर्गही चौथीपर्यंतच. पुढे मुलगी घरी बसायची, वर्ष-दोन वर्षांत सासरी जायची. बाई लहानपणीच विधवा झालेल्या, पुण्यात ट्रेनिंग करून आलेल्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी दुपारचा बायकांचा वर्ग काढला. बायका निवडायचं धान्य घेऊन यायच्या. बाई परातीत बाजरी पसरून तीत बोटानं अक्षरं काढायला शिकवायच्या. माझी आई तिथंच सही करायला शिकली.

चौथीनंतर आम्हां दोघींना, म्हणजे मला आणि गावातल्या शिंप्याच्या मुलीला, बाईंनी सोडलं नाही. शाळा सुटल्यावर त्या आमचा पाचवी ते सातवीचा अभ्यास घ्यायच्या. तशी मंजुरी नव्हती. वरून विचारणा झाली, तेव्हा बाईंनी कळवलं, "शाळेच्या वेळेनंतर मी माझ्या मोकळ्या वेळात शिकवते." पुढं कुणी काही विचारलं नाही.

सातवीची परीक्षा, आम्ही तिला फायनल म्हणायचो, नगरला असायची. आमच्या गावातली एकही मुलगी तोवर तिला बसलेली नव्हती. शिंप्यानं लगेच होकार दिला. माझे वडील, आबा, मात्र अडून बसले. बाई घरी आल्या, तेव्हा ते ओट्यावर दोर वळत होते.

"चार दिस पोर परगावी? न्हाई जमायचं. उद्या तिचं लगीन व्हायचंय. लोक काय म्हनतील?"

मी दाराआड उभी होते. वाटलं, संपलं. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "खरं आहे तुमचं, भाऊ. दोन मुली घेऊन मी एकटी कशी जाऊ? सोबतीला घरचं कुणीतरी मोठं माणूस पाहिजेच. तुम्हीच चला."

आबांचा हात थांबला. नाही म्हणायची तयारी त्यांनी केली होती, पण या प्रश्नाची नव्हती. आतून आई म्हणाली, "जावा की. बैलांचं मी बघते."

बैलगाडीनं राहुरी स्टेशन आणि तिथून आगगाडीनं नगर. धर्मशाळेत उतरलो. परीक्षेच्या शाळेबाहेर लिंबाखाली मुलींचे वडील, मामा, चुलते बसलेले असायचे. आबा पहिल्या दिवशी त्यांच्यापासून लांब, एका कडेला बसले. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर देऊन मी बाहेर आले, तर ते चौघांच्या मधोमध बसून सांगत होते, "आमच्या बाई हायेत ना, त्या शाळा सुटल्यावर शिकवत्यात. रोज!" मला बघताच उठून म्हणाले, "व्याजाचं गनित आलंतं का? ह्यांची पोर म्हनती, लई अवघड हुतं."

व्याज हा शब्द त्यांच्या तोंडून अभ्यासासाठी आलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मी पास झाले. शिंप्याची मुलगी गणितात राहिली. दोन दिवस ती जेवली नाही. बाई रोज तिच्या घरी जाऊन बसायच्या, पण अभ्यासाचं नाव काढायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तीच पाटी घेऊन आली आणि पुढच्या वर्षी पास झाली.

आबा तर नगरहून परतल्यापासूनच चावडीत बसून लोकांना गळ घालू लागले होते. "पोरी धाडा शाळंत. मी डोळ्यांनी बघून आलोय," असं म्हणायचे. त्यांनी आणि शिंप्यानं मिळून शाळेचे वर्ग वाढवायच्या अर्जावर सह्या गोळा केल्या. त्यांत दुपारच्या वर्गातल्या बायकांच्या सह्याही होत्या, वाकड्यातिकड्या, पण स्वतःच्या हातच्या. सातवीपर्यंतची मंजुरी आली.

मी ट्रेनिंग करून त्याच शाळेत शिक्षिका झाले आणि वर्षभरातच बाईंची बढती झाली. जिल्ह्यातल्या शिक्षिका घडवायचं काम त्यांच्याकडे आलं. निघायच्या सकाळी सगळा गाव गाडीभोवती जमला. मी रडत होते. बाईंनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आशीर्वाद देतील.

"कुंभाराची मुलगी तीन दिवस आली नाही," त्या म्हणाल्या. "आज जाऊन ये."

गाडी गेली तशी मी डोळे पुसले आणि तडक कुंभारवाड्यात गेले. पोर अंगणात धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन उभी होती. तिची आई मातीकामात अडकली होती.

"हिला कुनाजवळ ठिवू?" पोर म्हणाली.

"घेऊन ये तिलाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच दोघी दारात हजर होत्या.