गोदामातली पावडर

एकाहत्तरच्या लढाईनंतर मी फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो आणि सोलापूरला मलेरियाच्या फवारणी तुकडीत लागलो. आमचा भाग मंद्रूप. माझ्याच प्लाटूनमधला, मंद्रूपचाच नाईक सिद्धप्पा बरोबर होता. काम सरळ होतं. एकाने पंप मारायचा, दुसऱ्याने नळी धरून घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारायची. बायका देवघरात येऊ देत नसत. सिद्धप्पा कन्नडमध्ये दोन शब्द बोलला की दार उघडायचं.

पुढे एका वर्षी डीडीटीची पावडर आलीच नाही. वरून कळलं, तुमच्या भागातला मलेरिया संपला, फवारणी बंद. पावसाळा सरता सरता गावात थंडीताप सुरू झाला. आम्ही घरोघर बोटं टोचून रक्ताच्या काचा तपासायला सोलापूरला पाठवल्या. उत्तर नाही. मग सिद्धप्पाच पडला.

"हवालदारसाहेब, लई थंडी वाजतीया," एवढंच म्हणाला. जवळच्या मलेरियाच्या गोळ्या दिल्या. ताप मेंदूत गेला. तो माणसं ओळखेना. त्याची बायको गंगव्वा आणि धाकटा भाऊ त्याला जीपमध्ये घालून सोलापूरच्या इस्पितळात घेऊन गेले. मीही त्याच जीपमध्ये होतो; वाटेत उतरून आमच्या मलेरियाच्या कचेरीत शिरलो.

तिथल्या साहेबांनी सांगितलं, मंद्रूपला एकही केस नाही. मी काचांचं विचारलं. काचा खोक्यात तशाच पडल्या होत्या. तपासणाऱ्याची बदली झाली होती, दुसरा आला नव्हता. काचा बघितल्या नाहीत म्हणून केस नाही. केस नाही म्हणून पावडर नाही. आणि पावडर तर होती. त्याच आवारात, गोदामात, कुलपात.

फौजेत असताना आसामात सूर्य मावळायच्या आत शर्टाच्या बाह्या खाली नसल्या तर आम्हाला शिक्षा व्हायची. जवानाला मलेरिया झाला तर कंपनी कमांडरला जाब द्यावा लागे. इथे जाब कुणी द्यायचा?

"गोदाम उघडा, सर."

"ऑर्डर नाही."

"मग काढा. तोवर मी हलत नाही."

मी दारात उभा राहिलो. शिपाई मला हटवायला आला आणि माझं तोंड बघून मागे फिरला. दुपारी सही झाली. ट्रकमध्ये पोती चढवत होतो तेव्हा सिद्धप्पाचा भाऊ आला.

"अण्णा गेला की," म्हणाला.

लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्याला त्याच्याच शेतात बसवून पुरलं. अंगात वर्दी नव्हती, तरी मी सॅल्यूट केला. दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणी सुरू केली, त्याच्याच गल्लीतून.

लढाईत त्याच्या दोन्ही बाजूंचे जवान पडले होते. तो परत आला होता, आणि घरी तापाने गेला. गावात लोक म्हणतात, नशीब. माझ्यासमोर तो शब्द कुणी काढू नये.