तलंगीला घातलेले टाके

माझ्या सासूला लकवा झाला त्याला तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एकाच सकाळी गेले. जीभ अगदीच गेली नव्हती. 'न' आणि 'हं' एवढं निघायचं, आणि राग आला की एक लांब आवाज, ज्याचा अर्थ दर वेळी मलाच शोधावा लागायचा. त्याआधी ही बाई दिवसभर बोलायची. माणूस नसलं तर कोंबड्यांशी बोलायची.

आमचं गाव चामोर्शीच्या रस्त्यापासून आत, जंगलाला लागून. नवरा तिकडे मोहर्लीला पर्यटकांची जिप्सी चालवतो. मंगळवारी सफारी बंद असते, म्हणून सोमवारी निघून तो घरी येतो, तेही दर आठवड्याला जमत नाही. एरवी घरी मी, सासू आणि माझी शिलाई मशीन. आमच्या आणि शेजारच्या दोन-तीन गावांतल्या बायकांचे ब्लाउज मी शिवते.

त्या पावसाळ्यात आमच्या कोंबडीने अकरा पिल्लं काढली. दहा मुंगसाने आणि घारीने नेली. उरलेलं एक मी टोपल्यात घालून सासूच्या खाटेजवळ ठेवलं, तेवढाच तिला विरंगुळा. ते तिच्या डाव्या हातावरची तांदळाची कनकी टिपून मोठं झालं. दिवाळीपर्यंत त्याची चांगली तलंग झाली, अंड्यावर यायला अजून दोन-अडीच महिने अवकाश असलेली, तांबूस, मानेवर काळे ठिपके. खाटेवर चढायची, सासूच्या पोटाशी बसायची, आणि गोधडी घाण करायची. गोधडी मी धुवायची.

गुरुवार होता. धानाची कापणी ऐन भरात, अख्खं गाव शेतातल्या बांधीत गेलेलं. तुळशीचं लग्न तोंडावर होतं, त्यानंतर लग्नसराई, आणि माझ्याकडे एका नवरीच्या पाच ब्लाउजांचं कापड आलेलं. मी सपरीत, म्हणजे पडवीत, सासूच्या खाटेजवळ चटईवर शालूचं कापड कापून, तुकडे मांडून ठेवले आणि चुलीवरचा भात उतरवायला आत गेले. परत आले तर तलंग त्या तुकड्यांवर उभी. नुसती उभी नव्हती, पाठीच्या तुकड्यावर घाण करून ठेवली होती. आणि सासू खाटेवरून तिच्यापुढे कनकी टाकत होती, थेट कापडावर.

"आई! दिसत नाई का तुमाले?" मी ओरडले.

सासूने माझ्याकडे पाहिलं आणि अजून एक चिमूट टाकली.

ती चिमूट तिने मुद्दाम टाकली की हात आधीच उचललेला होता म्हणून पडली, ते मी आजही सांगू शकत नाही. तेव्हा मात्र मला मुद्दामच वाटली. दीड वर्षाचं सगळं माझ्या डोक्यात चढलं. मी तलंगीला चपलेने हुसकलं. ती मागच्या अंगणाकडे पळाली, आणि तिच्या मागे मी टिनाचं दार अंगातला सगळा जोर लावून आपटलं.

दार बसलं नाही. मध्ये काहीतरी मऊ आलं.

त्या दाराचा खालचा पत्रा फाटलेला होता, कोपरा चाकूसारखा बाहेर आलेला. मी दार ओढलं तेव्हा तलंग उंबऱ्यावर पडली, उठली, दोन पावलं चालली. तिच्या छातीतून तांदूळ पडत होते. आधी मला ते समजलंच नाही. रक्त कमी, आणि त्यातून ओली कनकी गळत होती, सकाळी सासूने भरवलेली. गळ्याखालची दाण्याची थैलीच फाटली होती.

मी तिला उचललं. तिचं काळीज माझ्या बोटांवर जोरात धडधडत होतं. मागे सासूचा तो लांब आवाज सुरू झाला. तिने सगळं पाहिलं होतं. दार तिच्या खाटेच्या समोरच आहे.

शेजारणीच्या घराला कडी. पलीकडे कडी. नवऱ्याला फोन लावला, तो जंगलात, रेंज नाही. मग जनावरांच्या डॉक्टरांना लावला. ते कुठल्या तरी गावी शेळ्यांना लस टोचत होते.

"थैली फाटली म्हणता? मले आज येनं होत नाई, बाई. दाना-पानी काई देऊ नका. राह्यली त पाहू." मग थोडं थांबून म्हणाले, "तरास होत असन तिले, त कापून टाका. कोंबडीच आहे."

मी फोन ठेवला आणि खरं सांगते, विळ्याकडे पाहिलं. कापली असती तर संध्याकाळपर्यंत रस्सा झाला असता आणि गोष्ट संपली असती. पण तो रस्सा सासूला मीच भरवणार होते.

तेवढ्यात सासूने डाव्या हाताने खाटेच्या पाटीवर थाप मारली. मी वळले. तिने अंगठा आणि पहिलं बोट जुळवलं आणि हात हवेत वर ओढला. पुन्हा जुळवलं, पुन्हा ओढला.

"पानी पाहिजे?"

"न."

"हळद? हळद भरू का?"

"न! न!" तिने बोट माझ्या मशीनकडे केलं, मग तलंगीकडे, मग पुन्हा हात तसाच हवेत ओढला.

"शिवू?" मी म्हटलं. "मी? हिले?"

"हं."

लग्न होऊन आले तेव्हा ऐकलं होतं की सासू कोंबड्यांना टाके घालते. मांजराने फाडलेल्या, काट्यात अडकलेल्या कोंबड्या बाया तिच्याकडे आणायच्या. मी कधी जवळ उभी राहून पाहिलं नव्हतं. मला किळस यायची, आणि तेव्हा ती बोलत होती, म्हणून कधीही विचारता येईल असं वाटायचं.

मी गंजात पाणी उकळलं, मीठ टाकलं. सगळ्यात बारीक सुई आणि पांढरा सुती दोरा त्यात उकळून काढला. तलंगीला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून सासूच्या मांडीवर ठेवलं. तिने डावा हात तिच्या पाठीवर असा दाबला की पंख आत राहिले आणि मान मोकळी. त्या एका हाताला सगळं आठवत होतं. मी जखमेभोवतीची पिसं उपटली. प्रत्येक पिसाला तलंग अंग आकसायची. मग कोमट पाण्याने आतली कनकी धुऊन काढली.

भोक माझ्या अंगठ्याएवढं होतं. मी सुई घेतली, दोन्ही कडा चिमटीत धरल्या आणि पहिला टाका घालणार, तोच सासूने मान जोरजोरात हलवली.

"न! न! न!"

"काऊन नाई? काय चुकलं?"

हात तलंगीवर असल्यामुळे तिला तो उचलता येईना. तिने तोंडच वेडंवाकडं केलं, घशातून काहीतरी काढायचा प्रयत्न केला. लाळ गळली. शेवटी तलंग दाबलेल्या हाताची दोन बोटं तिने वर केली. दोन.

"दोन टाके?"

"न."

"दोन दोरे? दुहेरी दोरा?"

"न!" आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तलंगीचे डोळे मिटायला लागले होते. मी पुन्हा जखमेत पाहिलं. चिमटीत धरलेली कड हळूच सोडली तर ती एक नव्हती. वर जाड कातडी, आणि तिच्या आत सुटलेला, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ पदर. थैली वेगळी, कातडी वेगळी. मी दोन्ही एकत्र शिवणार होते. शिवलं असतं तर थैली कातडीला कायमची चिकटली असती.

"आधी आतलं," मी म्हटलं. "मंग वरचं. जसं अस्तर."

सासूने श्वास सोडला. "हं."

आतल्या पदराला सात टाके पडले. सुई थोडी ओढली की पदर फाटेल असं वाटायचं. चौथ्या टाक्याला तलंगीने मान टाकली. मी थांबले. "गेली, आई," मी म्हटलं. सासू खाली वाकली, वाकता येत नव्हतं तरी वाकली, आणि आपल्या वाकड्या तोंडाने तलंगीच्या चोचीवर फुंकर मारली. अर्धी हवा बाजूनेच निघून गेली. तिने पुन्हा मारली. तलंगीच्या पापणीचा पांढरा पडदा हलला. मी पुढचे तीन टाके कसे घातले ते मला आठवत नाही. वरच्या कातडीला पाच घातले, हळद लावली, आणि तेव्हा कुठे माझ्या पायांत मुंग्या आल्याचं कळलं.

संध्याकाळी शेजारीण बांधीतून आली, टोपल्यात तलंग पाहून म्हणाली, "अगं बाई! हे कसं झालं वो?"

"वाऱ्यानं दार आपटलं," मी म्हटलं.

सासू माझ्याकडे पाहत होती. मी विस्तवावर फुंकत राहिले.

शुक्रवारी चमच्याने थेंब थेंब पाणी, मग भाताची पातळ पेज. ती गिळत होती. शनिवारी सकाळी टोपल्यावरचं फडकं काढलं तर आंबट, कुजका वास आला. छाती फुगलेली, एका टाक्यातून पिवळं पाणी येत होतं. सासूने नाकाने वास ओढला आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं.

डॉक्टर त्या दिवशी दुपारी खरंच आले, मोटरसायकलवर, दुपट्टा तोंडाला बांधून. मी टोपलं पुढे केलं. त्यांनी छाती बोटाने दाबून पाहिली. मग कात्रीने वरचा एक टाका तोडला, पू काढला, भुकटी भरली.

"आतलं धरून आहे," ते म्हणाले. "वरचा एक पिकला फक्त. हे कोनं शिवलं?"

"मी. आईनं सांगितलं तसं."

त्यांनी सासूकडे पाहिलं. "बोलतेत का ह्या?"

"नाई."

ते पुन्हा तलंगीकडे वळले आणि औषधाचे थेंब कसे द्यायचे ते सांगू लागले, पण मला नाही, सासूकडे पाहून.

सोमवारी नवरा आला. शेजारणीने वाटेतच त्याला गाठलं असावं, कारण मंगळवारी सकाळी तो हातोडी घेऊन दाराशी बसला. फाटका पत्रा ठोकून सपाट केला आणि म्हणाला, "वाऱ्यानं एवढं आपटते, त याले आकडा लावून देतो. मायच्या अंगावर आलं असतं एखाद्या दिवशी."

तो इतक्या काळजीने आकडा बसवत होता की मला तिथे उभं राहवेना.

"वारा नव्हता," मी म्हटलं. "मीच आपटलं. रागानं."

त्याची हातोडी थांबली. "कोंबडीवर?"

सासू ऐकत होती. खोटं बोलायची अजून एक संधी होती. "नाई. आईवर."

त्याने आकडा पुरता बसवला आणि उठून हात धुतले. सासूने भिंतीकडे तोंड केलं. दुपारी माझ्या हातून तिने घास घेतला नाही, मुलाच्या हातून घेतला. संध्याकाळीही तसंच. बुधवारी पहाटे तो निघून गेला, आणि सकाळी पेजेची वाटी घेऊन मी तिच्यासमोर बसले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वाटीकडे. मग तोंड उघडलं. माफ केलं, की भूक लागली होती, की भरवायला दुसरा हातच नव्हता, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. 'हं' किंवा 'न' मध्ये मावेल असं ते उत्तर नसणार.

तलंग जगली. छातीवर पुन्हा पिसं आली नाहीत, तिथे गुलाबी चट्टा राहिला. माघात ती अंड्यावर आली.

गावात बातमी पसरली, आणि बाया पुन्हा कोंबड्या आणू लागल्या. मी त्यांना सासूच्या खाटेशी नेते. ती डाव्या हाताने चाचपते, पंखाखाली बोट घालते, वास घेते. तिने 'हं' म्हटलं तरच मी सुई उकळायला ठेवते. परवा एका बाईने कुत्र्याने धरलेला कोंबडा आणला. पोट पार उघडं. ती बाई रडत होती, पोराचा लाडका आहे म्हणत होती, मीही हात धुऊन तयार होते. सासूने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, त्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला, आणि म्हणाली, "न."

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. मीही नाही म्हणून मान हलवली. ती पदरात कोंबडा गुंडाळून घरी गेली.