उभ्या दोरावरचा गाडा

राजूरपासून कोसभर आत माझ्या मामाचं गाव आहे. मामा यारी चालवायचा. विहीर खोदताना खालचा मुरूम-दगड वर काढायचं हे यंत्र: उंच लोखंडी हात, डिझेल इंजिन, ड्रमवर गुंडाळलेला तारेचा दोर आणि दोराला लटकणारं लोखंडी टोपलं. टोपलं दगडासाठी असतं. पण माणसंही त्यातच उभी राहून उतरतात, त्यातच चढतात. ड्रमचा ब्रेक सुटला की टोपलं माणसासकट खाली जातं. मामाच्या वेळी ते तळापासून दोन पुरुष उंचीवर होतं. डाव्या पायाची तीन बोटं गेली. मामा हसून सांगायचा, "तीनच गेली. बाकीचा मी हाये की."

मला हसू यायचं नाही. माझे वडील जालन्यात एका छापखान्यात कामाला होते, आणि घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. मोर्चाची, संपाची, विज्ञानयात्रेची. कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे आणि छापील बाजू पाठ करायचे. त्यामुळे आजही मला कुठलीच गोष्ट हळू आवाजात सांगता येत नाही.

कॉलेजात असताना मी स्वतः एक चार पानी पत्रक लिहिलं. एका कंपनीचं रॉकेट उडून परत आपल्या पायांवर उभं राहिलेलं सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं, आणि पैसेवाले लोक तिकीट काढून अवकाशात फेरी मारून येत होते. आकाश कुणाच्या मालकीचं, असा माझा प्रश्न होता. त्यात एक परिच्छेद अवकाश-लिफ्टवर होता: पृथ्वीपासून थेट अवकाशापर्यंत ताणलेला दोर आणि त्यावरून चढत जाणारा गाडा. अजून कुणी बनवलेली नाही, पण हिशेब मांडणारे मांडतायत. सुट्टीत मामाकडे गेले तेव्हा मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

मालकीच्या प्रश्नावर मामा जांभई देत होता. लिफ्टवर आल्यावर त्यानं कप खाली ठेवला.

"दोर वढतं कोण?"

"कुणीच नाही. दोर उभाच असतो. गाड्याला चाकं असतात, ती दोराला दोन्हीकडून चिमटीत धरतात आणि चढतात."

"म्हंजी ड्रम न्हाई?"

"नाही."

"मंग सुटायला ब्रेकच न्हाई," मामा म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून भंगाराच्या ढिगाकडे गेला.

पुढचे आठ महिने त्यानं तो गाडा बनवला. जालन्याच्या भंगारातून गिअरवाली मोटर आणली. अँगलची चौकट केली, बसायला फळी, कमरेला पट्टा. दोन रूळ, त्यांवर मळणीयंत्राच्या पट्ट्याचं रबर. रूळ दोराला किती आवळायचे ते ठरवायला हातानं फिरवायचा स्क्रू. सगळा जीव त्या चिमटीत होता. नवा तारेचा दोर ग्रीसमध्ये माखलेला येतो, तो मामानं तीन दिवस रॉकेलनं धुतला आणि चुन्याची कोरडी फक्की चोळून पुसला. त्याच्याच विहिरीवर, जी पन्नास फुटांवर जाऊन थांबली होती, तो दोर वरच्या तुळईपासून तळातल्या खडकापर्यंत ताणून बांधला. वाळूच्या पोत्यांवर चाचण्या झाल्या. पोती गेली आणि आली.

चाचणीआधी काय काय तपासायचं याची यादी मी लिहिली होती. पहिलं वाक्य होतं: दोर आणि रूळ कोरडे आहेत का, हात फिरवून पाहणे. हे काम मामानं माझ्याकडेच दिलं होतं. "तुझे डोळे बारीक हायेत," म्हणाला.

माणूस बसवायची चाचणी ठरली तेव्हा मी पत्रक छापून आणलं. मथळा होता: टोपलं दगडासाठी आहे, माणसासाठी नाही. आजूबाजूच्या तीन गावांत वाटलं. सकाळी नऊ वाजता विहिरीवर शंभर-सव्वाशे माणसं होती, आणि मामी ताट घेऊन उभी होती. ताटात नारळ, अगरबत्ती, वाटीत तेलात कालवलेला शेंदूर.

"मामी, हे कशाला?"

"नवं मशीन हाये. पूजा नको?"

"आठ महिने मामानं डोकं लावलं. चाललं तर नारळामुळं चाललं म्हणणार लोक."

"म्हणू दे की. तुझ्या बापाचं काय जातंय?"

माणसं हसली. मी मामाकडे पाहिलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना माय. तिच्या मनाचं करू दे."

मला ते सहन झालं नाही. विज्ञानाच्या कामावर शेंदूर फासला जाताना मी साक्षीला उभी राहणार नाही, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. आज ते वाक्य लिहितानाही कान तापतात. पत्रकांचा गठ्ठा उचलला, रस्त्याकडेच्या बाभळीखाली गेले आणि विहिरीकडे पाठ करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना कागद वाटत राहिले. मागे नारळ फुटल्याचा आवाज आला. मी वळले नाही.

मामानं हाक मारली तेव्हा तो पट्टा बांधून फळीवर बसलेला होता. स्टार्टर माझ्याकडे होता. मी रागातच गेले आणि हिरवं बटण दाबलं.

गाडा चार हात बरोबर खाली गेला. मग मोटरचा आवाज तोच राहिला आणि गाड्याचा वेग बदलला.

"बंद कर!" मामा ओरडला.

मी लाल बटण दाबलं. मोटर थांबली, रूळ थांबले. गाडा थांबला नाही. फिरायचं बंद झालेल्या रुळांतून दोर सरकत राहिला, जळक्या रबराचा वास वर आला. मामा दोन्ही हातांनी स्क्रू आवळत होता. साधारण निम्म्यावर गाडा अडला. खाली पंचवीस फुटांवर काळा खडक, त्यावर घोटाभर पाणी.

मग गाडा वीतभर खाली सरकला आणि पुन्हा अडला.

तेव्हा मी दोराकडे पाहिलं. माणसाचा हात वर जिथवर पोहोचतो तिथपासून गुडघ्यापर्यंत दोर शेंदरी होता. मामी मशीनला नुसता टिळा लावून थांबली नव्हती. नवरा ज्याला लटकणार, त्या दोराला तिनं पूर्ण हात उंच करून, बोटं तेलात बुडवून, मनापासून लेप दिला होता. गाडा त्या तेलातून गेला आणि रुळांनी ते तेल बरोबर खाली नेलं. शंभर माणसांसमोर तिनं हे केलं होतं. त्यांतल्या एकालाही दोर कोरडा का हवा ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी बाभळीखाली होते.

गाडा पुन्हा सरकला. वीतभर.

यारीवर मामाचा भागीदार होता, त्याला मी काका म्हणते. त्यानं इंजिनाचं हँडल मारलं. इंजिन फुसफुसलं. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा धरलं. यारीचा हात वळला, टोपलं विहिरीच्या तोंडावर आलं आणि खाली निघालं. काका ब्रेकवर असा वाकला होता की त्याचं तोंड दिसत नव्हतं.

टोपलं मामाच्या शेजारी जाऊन थांबलं. मामानं त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"त्याच्यात न्हाई," खालून आवाज आला. "स्क्रू आवळून राह्यलो. धरल आता."

"कशाचं धरल? तेल हाये त्याला!" काका ओरडला. "वर आल्यावर काय शिव्या द्यायच्या त्या दे. आत्ता पाय टाक, जल्दी!"

गाडा या वेळी हातभर गेला. टोपलं आता मामाच्या डोक्याशी होतं. काकानं ते पुन्हा जुळवून खाली घेतलं.

मामी काठावर गुडघ्यांवर बसली होती. तिच्या बोटांना शेंदूर होता आणि त्याच बोटांनी तिनं काठाचा दगड धरला होता. "अहो, बसा त्याच्यात," ती म्हणाली. ओरडली नाही. "बसा म्हणते ना."

मामानं पट्टा सोडला. स्क्रूवरचा एक हात काढला तसा गाडा घसरू लागला. त्यानं उजवा पाय टोपल्यात टाकला, साखळी धरली, आणि डावा, तीन बोटं नसलेला पाय फळीवरून उचलायच्या आत फळीच त्याच्याखालून निघून गेली. गाडा खडकावर आदळल्याचा आवाज आला तेव्हा मामा साखळीला लोंबकळत होता, एक पाय आत, एक बाहेर. मग दुसराही आत आला.

वर आल्यावर तो तळहात बघत बसला. तळहात सोलले होते आणि शेंदरी झाले होते. मामीनं ते पाहिलं, स्वतःची बोटं पाहिली. काही सांगायची गरज उरली नाही.

"बोल की आता," ती मला म्हणाली. "सकाळी लई बोलत होतीस."

मामानंच विचारलं, मोठ्यानं नाही, "दोर तपासला होता का माय?"

"नाही."

"का?"

"पूजेला थांबायचं नव्हतं म्हणून."

"तुला देव नको, बराबर हाये. पण दोर तर तुझा होता ना," तो म्हणाला.

दुपारी गाडा वर काढला. चौकट वाकली होती, ती मामानं ठोकून सरळ केली, रुळांवर नवं रबर चढवलं. मामीनं रॉकेलची चिंधी घेतली, दुसरी माझ्याकडे फेकली. दोघींनी मिळून दोर पुसला. ती वरून खाली, मी खालून वर. अर्धी माणसं अजून बसून होती. चार वाजता मामानं हाताला फडकी गुंडाळली आणि फळीवर बसला. मामीचे ओठ पांढरे पडले, पण ती आडवी आली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

मी दोरावर हात फिरवला. बोट कोरडं आलं. मग दोन हातांनी दोराला उलटा पीळ दिला, तारा जराशा सुट्या केल्या आणि फटीत नख घातलं. नखात लाल तेल आलं.

"नाही," मी म्हणाले. "आज नाही."

"पुसलंय की सगळं," मागून कुणीतरी म्हणालं. "पोरगी भेली." दुसरा म्हणाला, "पत्रकं वाटायला जोर हाये, बटण दाबायला न्हाई."

मी मामाला नख दाखवलं. त्यानं ते पाहिलं, वास घेतला. लोक बोलतच होते. मामानं कमरेचा पट्टा सोडला आणि फळीवरून उतरला.

"तीन दिवस धुवावा लागंल," तो मामीला म्हणाला. "रॉकेल हाये का घरात?"

"बघते," मामी म्हणाली, आणि घराकडे निघाली. चार पावलांवर थांबली, माझ्याकडे वळली. "चल, तू बी चल. डबा जड हाये."