अंगात असेल तेवढा जोर

आमच्याकडं कुठलीही गोष्ट आवळायची म्हणजे अंगात असेल तेवढा जोर लावून आवळायची. कडब्याची गाडी भरली की दोन गडी दोर ओढायचे, तिसरा चाकाला पाय देऊन त्यांना मागं रेटायचा आणि दोर करकरला की मगच गाठ मारायचे. बाजेची सुतळी असो, मोटेचा नाडा असो, नियम एकच. त्यात चूक काही नव्हती. दोर, चामडं, लाकूड ही सगळी आज आवळली की उद्या सैल पडणारी, तेव्हा आजच चार बोटं जास्त ओढून ठेवलेलं बरं. हे शहाणपण आमच्या हातात पिढ्यान् पिढ्या मुरलेलं होतं आणि ते घेऊनच आम्ही मोटारीला हात घातला.

मोटार आमच्या घरची होती. इंदापुरात घरासमोर लिंबाखाली ती रात्रीची उभी असायची. सकाळी भरून निघायची, निमगाव, अंथुर्णे करत बारामतीला जायची आणि आगगाडीचे उतारू घेऊन दिवस मावळायला परत यायची. ‘हे’ ती चालवायचे. हे म्हणजे माझे यजमान. तेव्हा नाव घ्यायची रीत नव्हती आणि आता या वयात जीभ वळत नाही. धाकटे दीर सामान चढवायचे, पैसे घ्यायचे, हॅण्डल मारायचे. घरात आम्ही एवढीच तिघं. माझं माहेर पळसदेवचं, भीमेकाठचं. नदीच्या पात्रातल्या टरबुजांच्या वाडीवरून पलीकडच्या काठाला हाक मारायची सवय, त्यामुळं आवाज मोठा. राग त्याहून मोठा, असं हे म्हणायचे, पण माझ्यासमोर नाही.

मोटारीतलं हिला काय कळतंय, असं मात्र कुणी समजू नये. चुलीपुढं बसलं की समोर अंगण, अंगणात मोटार. नवऱ्याचं आणि दिराचं डोकं दिवसभर त्या मोटारीच्या पोटात. न कळून सांगते कुणाला?

एका हिवाळ्यात हे वांग्याच्या पाट्या बांधायला टपावर चढले. दहिवरानं टप ओला होता. पाय घसरला आणि उजवा हात अंगाखाली घेऊन खाली आले. मनगटाच्या वर हाड मोडलं. अंथुर्ण्याच्या पलीकडं वस्तीवर हाड बसवणारे एक तात्या होते, त्यांना दिरांनी मोटारीतूनच आणलं. त्यांनी हाड जाग्यावर घेतलं, लेप लावला, बांबूच्या कामट्या ठेवल्या आणि आवळून बांधलं. दुसऱ्या दिवशी बोटं सुजून निळी पडली. मी तात्यांना पुन्हा बोलावून घेतलं आणि म्हटलं, ‘‘तात्या, सैल करा वाईच. बोटं बगा कशी झाल्यात.’’

‘‘सैल बांधलं तर हाड हलंल, बाई. जलमभर वाकडा हात पायजे का?’’

तात्या वाईट माणूस नव्हते. सगळे बांधतात तसं त्यांनी बांधलं. पण कामट्या सुटल्या तेव्हा हाड सरळ होतं आणि हात मेलेला होता. बोटं पुरती मिटत नव्हती. मनगट खाली लोंबायचं. पाण्याचा तांब्या धरला तर पायावर पडायचा. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की त्याच्या वस्तीवरून मोटार जाते म्हणून मी मोटारीवरसुद्धा रागावले होते.

बारामतीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बोटं एकेक करून वाकवून पाहिली आणि सांगितलं, बांधण्यानं शीर दबली आहे. तेल लावा, हात हलवत राहा. वर्षभरात जो जोर परत येईल तो खरा. वर्ष उलटलं तर मग वाट पाहू नका.

मोटारीचं चाक धरायला दोन हात लागतात. दीर चालवायला बसले. हे ओसरीवर बसू लागले. सकाळी मोटार सुटायच्या वेळेला आत यायचे आणि ती वळणावरून दिसेनाशी झाली की पुन्हा बाहेर. मी रोज सकाळी तेल लावताना विचारायची, ‘‘आज कसं हाय?’’ पुष्कळ दिवस ते ‘‘हाय तसंच’’ म्हणाले. मग एकदा हात सोडवून घेऊन म्हणाले, ‘‘पुन्हा इचारू नगंस. आलं तर कळंल की.’’ त्यानंतर आमच्या घरात हाताचा विषय बंद झाला. तेल लावायचं, पण तोंड उघडायचं नाही. मला ते किती जड गेलं, ते माझा स्वभाव माहीत असलेल्यांना कळेल.

दीर तालमीतले. मन लोण्याचं आणि हात मुसळाचे. त्यांच्या हाती मोटार आली आणि मोटारीचं धुराडं आमच्या मानगुटीला बसलं. इंजिनाच्या बगलेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक जाड नळकांड्यांचा तुकडा असतो. जळका धूर त्यात गोळा होऊन खालच्या लांब नळीनं मागं जातो. तो तुकडा बोल्टांच्या ओळीनं इंजिनाला घट्ट धरलेला असतो. इंजिन तापतं, निवतं, पुन्हा तापतं आणि मोटार जुनी व्हायला लागली की बोल्ट सैल पडत जातात. मग फटफट आवाज सुरू होतो आणि धूर पायाखालच्या फळ्यांतून वर, उतारूंच्या नाकात. निमगाव येईपर्यंत बायकांना मळमळायला लागायचं. अंथुर्ण्याला पोरं ओकायची. लोक खाली उतरून दिरांना नाही नाही ते बोलायचे.

तेव्हा बोल्ट आवळणं आलं. दिरांनी हातभर लांब पाना घेतला, पुढच्या चाकाला पाय लावला आणि कडब्याचा दोर ओढावा तसा ओढला. बोल्ट टक्कन मोडला, अर्धा हातात, अर्धा इंजिनात. आतलं टोक काढायला बारामतीचा फिटर आणावा लागला. मोटार उभी राहिली. तो बसवला, पुढच्या बाजाराला शेजारचा मोडला. एकदा तर बोल्ट शाबूत राहिला आणि तो ज्यातून जातो तो बिडाचा कानच तडकला.

‘‘भाऊजी, म्हशीला दावं बांधताय का मोटार दुरुस्त करताय?’’ मी चुलीपासून ओरडायची. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की दीर लिंबाच्या पलीकडं जाऊन उभे राहायचे.

फिटरनं त्यांना समोर बसवून समजावलं. ‘‘बीड हाय ते. दोर न्हवं. मधले आदी घ्या, मग कडंचे. एका दमात न्हाय, थोडं थोडं करत समद्यांना. गरम झाल्यावर पुन्यांदा एक डाव हात फिरवायचा. अन् किती म्हनाल तर, बोल्ट बसला वाटलं की थांबायचं.’’

‘‘बसला वाटतो,’’ दीर म्हणाले, ‘‘पर मन भरत न्हाय.’’

खरं बोलले. सगळ्या तालुक्याचं हेच दुखणं होतं. मनाची खात्री होईपर्यंत ओढायचं आणि खात्री होते तेव्हा बोल्ट तुटलेला असतो.

पुढं असं झालं की दीर पान्याला हात लावायलाच घाबरू लागले. सैल ठेवलं तर धूर, आवळलं तर मोडतोड. एका सकाळी ते पाना मांडीवर घेऊन मोटारीच्या पायरीवर नुसते बसून राहिले. उतारू यायला अजून वेळ होता. हे ओसरीवरून उठले, त्यांच्या हातून पाना घेतला, तोही उजव्या हातात. बोटं मिटत नव्हती म्हणून डाव्या हातानं उजवी बोटं पान्यावर नीट बसवली आणि मधल्या बोल्टापासून सुरुवात केली. मी दारात आले. दंडाची शीर फुगलेली, दात आवळलेले. मनगट थरथरायला लागलं की थांबायचे आणि पुढचा बोल्ट घ्यायचे. सगळे फिरून पुन्हा मधल्यावर यायचे. शेवटी पाना खाली ठेवला तेव्हा कपाळावर घाम होता.

‘‘झालं?’’ दिरांनी विचारलं. त्यांना बोल्ट बसलेत असं वाटतच नव्हतं. ‘‘दादा, मी जरा हात लावून बगू का?’’

‘‘लावू नगं.’’

मोटार बारामतीला गेली आणि आली. आवाज नाही, धूर नाही, कुणी ओकलं नाही. संध्याकाळी यांनी गरम इंजिनावर पुन्हा एकदा पाना फिरवला. त्या दिवसापासून धुराड्याचं काम यांचं झालं. मोटार सुटायच्या वेळेला आता हे घरात येईनासे झाले. सुटेपर्यंत तिच्याशेजारीच असायचे. दीर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, दादाच्या हाताला बरोबर कळतं. लोकही माना डोलवायचे. मला बरं वाटायचं. कितीतरी दिवसांनी घरात कुणीतरी यांचं कौतुक करत होतं.

एकदा जेवताना मीच म्हटलं, ‘‘तुमच्या हाताला कळतंय म्हनत्यात समदी.’’

‘‘हाताला काय कळत न्हाय,’’ हे म्हणाले. ‘‘माझ्यात हाय तेवढा जोर मी लावतो. त्याला तेवढाच लागतो.’’

साधेपणानं बोलले, भाकरी मागावी तसं. पण तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ज्याचं आम्ही कौतुक करत होतो तो त्यांचा अधूपणा होता. चांगल्या धडधाकट गड्याच्या हातानं तुटणारा बोल्ट यांच्या साऱ्या ताकदीनंसुद्धा तुटत नव्हता, म्हणून मोटार चालली होती. मी उठून परसात गेले आणि उगीच भांडी घासत बसले. कुणाला दोष द्यावा ते कळेना, म्हणून भांड्यांना दिला.

दिवस गेले. उसाची गुऱ्हाळं लागली, मोटार गुळाच्या व्यापाऱ्यांनी भरून जाऊ लागली. डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष सरत आलं होतं. मी बोलत नव्हते, पण डोळे काही मिटून घेतले नव्हते. हात दिसायला तसाच होता. तांब्या आता पडत नव्हता, पण हे तांब्या धरायचेच डाव्या हातानं. विचारायची सोय नव्हती. मी आशा सोडली होती म्हणा ना. असाच हात मोटारीला बरा, मोटारीला बरा, असं स्वतःला सांगत मी रोज तेल लावायची.

त्या सकाळी मोटार गच्च भरली होती. टपावर गुळाच्या ढेपा, आत माणसं. हे रोजच्यासारखे बोल्टांवर हात फिरवत होते आणि मी भाकरी थापत होते. टक् असा आवाज आला.

तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता. तव्यावरची भाकरी तशीच ठेवून मी उठले, दिरांच्या नावानं ओरडायला तोंड उघडलं आणि दारात आले तर दीर टपावर होते. हातात दोर, तोंड उघडं. खाली इंजिनापाशी हे एकटेच उभे. एका हातात पाना आणि पान्याच्या तोंडात मोडका बोल्ट.

‘‘चुकलं,’’ हे म्हणाले. मला नाही, दिरांना. ‘‘बोल्टच जुना असंल. तापून तापून कच्चा झाला असंल.’’

आतून एक म्हातारा उतारू ओरडला, ‘‘अवो, आमची गाडी चुकंल की.’’ दीर खाली उतरले आणि यांच्या हाताकडं बघत उभे राहिले. मीही बघत होते. एकट्या यांनाच कळलं नव्हतं, किंवा कळूनही तिकडं बघायचं धाडस होत नव्हतं. मोडका बोल्ट उजेडात धरून ते त्यात गंज शोधत होते.

भरल्या मोटारीसमोर, परक्या माणसांच्या देखत मी कधी अंगणात उतरले नव्हते. त्या दिवशी उतरले. पदर नीट घेतला की नाही तेही आठवत नाही. इंजिनापाशी जाऊन म्हटलं, ‘‘शेजारचा आवळा.’’

‘‘आगं, आवळलाय तो.’’

‘‘आनखी आवळा.’’

‘‘वहिनी, त्यो पन तुटंल,’’ दीर म्हणाले. ‘‘दोन दिस मोटार हलायची न्हाय.’’

‘‘तुटू द्या.’’

यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पाना शेजारच्या बोल्टाला लावला. बोटं आपली आपण मिटली, डावा हात लावावा लागला नाही. मोटारीतली माणसं बाहेर डोकावून बघत होती. यांनी ओढलं. बोल्ट हलला नाही. पुन्हा ओढलं. मनगट थरथरलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी पुढच्या चाकाला पाय दिला आणि कडब्याच्या गाडीचा दोर ओढावा तसं, अंगात होतं तेवढं ओढलं.

तोही तुटला.